सिंगापूर १९४२ ते १९४५ : जपानी आक्रमण आणि अंमल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर पाहून आलेले, तिथे नोकरीनिमित्त राहणारे आणि घरातल्या एखाद्या फौजी पणजोबांचा माग काढणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांत नेताजींचा उल्लेख असतो, आणि तो असायलाच हवा. पण ज्या शहरात त्यांनी ‘चलो दिल्ली’ म्हटलं, त्याच शहरात जेमतेम दीड वर्षापूर्वी हजारो माणसं समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन मारली गेली होती. आपल्याकडे पहिली गोष्ट शाळेत कळते, दुसरी बहुधा कळतच नाही. म्हणून उत्तरं देताना दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

१. सिंगापूर तेव्हा कोणाचं होतं आणि जपानला ते कशासाठी हवं होतं?

ब्रिटिशांचं. १८१९ मध्ये रॅफल्सने तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार घातली आणि १८६७ पासून सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून थेट लंडनच्या अखत्यारीतली वसाहत झाली. मलायातलं रबर आणि कथील याच बंदरातून जगभर जायचं. बेटाच्या उत्तरेला सेंबावांग इथे ब्रिटिशांनी प्रचंड खर्च करून आरमारी तळ बांधला होता, त्याचं उद्घाटन १९३८ मध्ये झालं. युद्ध पेटलंच तर इंग्लंडहून आरमार येईल आणि या तळावरून लढेल, असा हिशोब होता. ते आरमार युरोपातल्या युद्धात अडकलं आणि तळ रिकामाच राहिला.

जपान चीनमध्ये १९३७ पासून लढत होता. १९४१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि डचांनी त्याचा तेलपुरवठा तोडला. तेल होतं डचांच्या ताब्यातल्या सुमात्रा-बोर्नियोत, आणि तिकडच्या वाटेवर सिंगापूर होतं.

२. लढाई किती दिवस चालली?

मलायाची सगळी मोहीम ७० दिवसांची: ८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२. प्रत्यक्ष सिंगापूर बेटावरची लढाई मात्र आठवड्याभरातच आटोपली. क्रम असा: ८ डिसेंबरला उत्तर मलायात कोटा बारूला जपानी उतरले. १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य युद्धनौका जपानी विमानांनी कुआंतानजवळच्या समुद्रात बुडवल्या. ११ जानेवारीला क्वालालंपूर गेलं. ३१ जानेवारीला ब्रिटिश फौजा बेटावर परतल्या आणि जोहोरला जोडणारा पूल-रस्ता सुरुंगाने उडवण्यात आला. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्य किनाऱ्यावर उतरले. १५ फेब्रुवारीला शरणागती झाली.

३. सिंगापूरवरचा हल्ला पर्ल हार्बरच्या आधीचा की नंतरचा? तारखा जुळत नाहीत.

तारखा जुळत नाहीत त्या आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे. हवाईमध्ये ७ डिसेंबरची सकाळ होती तेव्हा मलायात ८ तारीख लागलेली होती. कोटा बारूचं उतरणं पर्ल हार्बरच्या साधारण तासभर आधी सुरू झालं. सिंगापूर शहरावर बॉम्ब पडले ते त्यानंतर, पहाटे चारच्या सुमारास. रॅफल्स प्लेस आणि चायनाटाउन भागात ६१ माणसं मेली. रस्त्यावरचे दिवे तेव्हा चालूच होते.

४. सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, मागे वळतच नव्हत्या, म्हणून शहर पडलं. हे खरं ना?

नाही. हा या विषयातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. बऱ्याचशा मोठ्या तोफा जमिनीकडे वळू शकत होत्या आणि त्या उत्तरेकडे डागल्याही गेल्या. अडचण दारूगोळ्याची होती. जहाजाचं पोलाद भेदण्यासाठी बनवलेले गोळे त्यांच्याकडे मुबलक होते. जमिनीवर फुटून पायदळाला थोपवणारे गोळे मात्र फारच थोडे होते. पोलादभेदी गोळा चिखलात पडला की खोल रुततो, आजूबाजूच्या सैन्याला त्याचा फारसा उपद्रव होत नाही.

ही कथा इतकी टिकली, कारण तिच्यामुळे सगळा दोष लोखंडावर ढकलता येतो. खरी कारणं पुढच्या उत्तरात आहेत.

५. ब्रिटिशांकडे सैन्य जास्त होतं. मग हरले कसे?

बेटावर लढणाऱ्या मित्रसैन्याची संख्या सुमारे ८५ हजार होती आणि जनरल यामाशिताने त्यावर घातलेलं सैन्य साधारण ३० ते ३६ हजार. नुसती संख्या पाहिली की शरणागती अनाकलनीय वाटते. पण ही गणती फसवी आहे.

पहिली गोष्ट आकाशाची. जपानी विमानं सरस होती आणि काही दिवसांतच आकाश पूर्णपणे त्यांचं झालं. जपान्यांकडे दोनशेच्या आसपास रणगाडे होते, ब्रिटिशांकडे जवळजवळ नव्हतेच. ७ जानेवारीला स्लिम नदीवर थोड्याशा जपानी रणगाड्यांनी पहाटेच्या काही तासांत ११व्या हिंदी डिव्हिजनचे दोन ब्रिगेड मोडून काढले. तिथे लढणाऱ्या कित्येक शिपायांनी आयुष्यात रणगाडा पाहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट तयारीची. आलेली कुमक थकलेली, अर्धवट शिकलेली किंवा भलत्याच मुलखासाठी तयार केलेली होती. इथे आपल्याकडचा एक धागा आहे. मुआर नदीवर जवळजवळ नामशेष झालेला ४५वा हिंदी ब्रिगेड हा मूळ १७व्या डिव्हिजनचा. ही डिव्हिजन १९४१ मध्ये अहमदनगरला उभी राहिली, आणि तिची तयारी चालली होती इराकच्या वाळवंटासाठी. त्यातली पोरं नवशिकी होती आणि त्यांना एकदम मलायाच्या जंगलात, रबराच्या मळ्यांत उभं केलं गेलं. जानेवारीअखेर मुंबई बंदरातून निघालेल्या शेवटच्या ताफ्यातलं ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ हे जहाज ५ फेब्रुवारीला सिंगापूरच्या तोंडाशीच बुडालं. बहुतेक माणसं वाचली, हत्यारं आणि सामान गेलं.

तिसरी गोष्ट बचावाची. सेनापती जनरल पर्सिव्हल यांना त्यांच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने उत्तर किनाऱ्यावर अडथळे, खंदक उभारायचं सुचवलं होतं. लोकांचं मनोधैर्य खचेल म्हणून ते टाळलं गेलं. हल्ला ईशान्येकडून येईल असा पर्सिव्हल यांचा अंदाज होता. यामाशिताने ७ तारखेला पुलाऊ उबिन बेटावर हूल दिली आणि दुसऱ्या रात्री वायव्येकडून, लांबलचक किनारा विरळपणे राखणाऱ्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडवर हल्ला चढवला.

शेवटची गोष्ट पाण्याची. मलायातून पळून आलेल्यांमुळे शहरात सुमारे दहा लाख माणसं कोंडली होती. जोहोरहून येणारी पाण्याची नळी पूल उडवतानाच तुटली होती. बेटावरचे तलाव जपान्यांच्या हाती गेले आणि शहरातल्या नळ्या बॉम्बने फुटल्या होत्या. रस्त्यारस्त्यांत लढत राहायचं म्हणजे या माणसांना तहानेने मारायचं, हा प्रश्न पर्सिव्हल यांच्यापुढे खराच होता.

६. यामाशिताकडे दारूगोळा संपत आला होता असं म्हणतात. म्हणजे ब्रिटिश आणखी दोन दिवस टिकले असते तर?

दारूगोळा संपत आला होता हे खरं. आपण केवळ हूल दाखवून जिंकलो, असं यामाशिताने स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. रस्त्यावरची लांब लढाई झाली असती तर आपण अडचणीत आलो असतो, ही त्याला भीती होती. म्हणून तर बुकित तिमाह रस्त्यावरच्या फोर्ड मोटार कारखान्यात पर्सिव्हल अटींवर बोलू लागले तेव्हा त्याने घाई केली: शरण येता की नाही, हो की नाही एवढंच सांगा. संध्याकाळी सहानंतर सह्या झाल्या आणि साडेआठला गोळीबार थांबला.

पण माझं मत असं, की दोन दिवसांनी शहर वाचलं नसतं. समुद्र आणि आकाश दोन्ही जपानकडे होतं आणि पाण्याचा प्रश्न तसाच उभा राहिला असता (प्रश्न ५).

७. जपानी खरंच सायकलींवरून आले?

हो, हजारो. सिंगापूर-मलायात जपानी सायकली आधीपासून विकल्या जात होत्या, त्यामुळे सुटे भाग आणि नव्या सायकली वाटेतल्या गावांत आयत्या मिळत. ब्रिटिशांनी पूल उडवला की ट्रक अडकत, पण सायकल खांद्यावर टाकून नदी ओलांडता येत असे.

८. या लढाईत हिंदी सैनिक किती होते? मराठी होते का?

संपूर्ण मोहिमेत मित्रसैन्याचे सुमारे १ लाख ३० हजार लोक पकडले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा गट हिंदी सैनिकांचा, सुमारे ६० हजारांचा होता. पंजाबी, शीख, डोगरा, गढवाली, जाट, राजपूत, बलुची, गोरखा अशा पलटणी होत्या. संस्थानी फौजाही होत्या. कोटा बारूच्या विमानतळावर निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं पायदळ होतं, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

मराठी नावांपैकी सर्वांत ठळक म्हणजे जगन्नाथराव कृष्णराव भोसले, सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. ते ब्रिटिश हिंदी लष्करात अधिकारी होते. सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेले, तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाले आणि नेताजींच्या हंगामी सरकारात लष्कराचे प्रतिनिधी म्हणून बसले. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेत निवडून आले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. कोकणातसुद्धा त्यांचं नाव आज ज्यांना ठाऊक आहे असे लोक कमी भेटतात, याचं वाईट वाटतं.

९. शरणागतीनंतर हिंदी सैनिकांचं काय झालं?

१७ फेब्रुवारी १९४२ रोजी, म्हणजे दोनच दिवसांनी, हिंदी युद्धकैद्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळं काढून फॅरर पार्कच्या मैदानावर नेलं गेलं. तिथे ४० ते ४५ हजार माणसं जमली होती. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना चार वाक्यांत जपान्यांच्या हवाली केलं. मग मेजर फुजिवारा जपानीत बोलले, त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीचं हिंदुस्तानी. आशिया आशियाच्या लोकांसाठी, तुम्ही आमचे कैदी नाही, मित्र आहात, असा त्याचा आशय होता. त्यानंतर कॅप्टन मोहन सिंग यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लढायचं आवाहन केलं.

फॅरर पार्क मेट्रो स्टेशनवरून लिटल इंडियात जेवायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी त्या मैदानाशी दोन मिनिटं थांबावं, असं मी नेहमी सांगतो. घरापासून हजारो मैल दूर, ज्यांनी आपल्याला आणलं ते सोडून गेलेले, समोर कालचा शत्रू मैत्रीचा हात पुढे करतो आहे, आणि तुम्हाला उभ्या उभ्या ठरवायचं आहे.

१०. मग सगळेच आझाद हिंद सेनेत गेले? जे गेले नाहीत त्यांचं काय?

सगळे गेले नाहीत. कुणी देशासाठी गेले, कुणी छावणीतल्या हालांतून सुटण्यासाठी, कुणी आपले सहकारी जपान्यांच्या हाती मजूर म्हणून जाऊ नयेत म्हणून. कुणी घेतलेली शपथ मोडायची नाही म्हणून नकार दिला. यांतल्या कुणालाही आज आपण खुर्चीत बसून भित्रा किंवा गद्दार म्हणू नये. दोन्ही निर्णयांना जिवाची किंमत होती.

मोहन सिंग यांनी उभारलेली पहिली आझाद हिंद सेना डिसेंबर १९४२ मध्ये मोडली, कारण मोहन सिंग यांचा जपान्यांवरचा विश्वास उडाला होता. त्यांना अटक झाली. न गेलेल्यांपैकी हजारो हिंदी कैद्यांना जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर मजुरीसाठी पाठवलं गेलं. उपासमार, मलेरिया आणि मारहाण यांत त्यांतले फार मोठ्या संख्येने मेले. आपल्याकडच्या कोणत्याही शालेय पुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळही मला दिसलेली नाही.

११. जपान्यांनी शहराचं नाव बदललं होतं का?

हो. ‘स्योनान-तो’, म्हणजे दक्षिणेचा प्रकाश असलेलं बेट. घड्याळं टोकियोच्या वेळेवर, दीड तास पुढे गेली. १९४२ हे साल जपानी गणनेने २६०२ झालं. शाळांत जपानी भाषा आणि सकाळी सम्राटाच्या दिशेने वाकून नमस्कार सुरू झाला. २९ एप्रिल हा सम्राटाचा वाढदिवस म्हणजे सार्वजनिक सोहळा. रस्त्यात पहारेकऱ्यासमोर वाकलं नाही की थोबाडीत बसत असे. ते पहारेकऱ्याच्या मर्जीवर असायचं.

१२. ‘सूक चिंग’ म्हणजे काय?

शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, जपानी लष्कराने शहरातल्या चिनी पुरुषांची छाननी सुरू केली. ती मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालली. चीनमधल्या युद्धाला सिंगापूरच्या चिन्यांनी पैसा पुरवला होता, जपानी मालावर बहिष्कार घातला होता, काहीजण स्वयंसेवक म्हणून लढलेही होते. त्याचा हा सूड होता.

१८ ते ५० वयाच्या पुरुषांना ठरलेल्या ठिकाणी बोलावलं गेलं. काही जागी बायकामुलांनाही दिवसच्या दिवस उघड्यावर बसवून ठेवलं. निवड कशी व्हायची? कुठे तोंड झाकलेला खबऱ्या बोट दाखवायचा. कुठे चष्मा, कुठे मऊ हात, कुठे गोंदण एवढंच पुरे व्हायचं. ज्यांना सोडलं त्यांच्या कागदावर, आणि कागद नसेल तर सदऱ्यावर किंवा दंडावर, ‘तपासलेला’ असा चौकोनी शिक्का मारला जाई. दंडावर शिक्का असलेले लोक तो पुसला जाऊ नये म्हणून कित्येक दिवस तिथे पाणी लागू देत नसत. उरलेले ट्रकमध्ये भरले गेले आणि चांगी, पुंगोल, तानाह मेराह, आजच्या सेंटोसावरचा सिलोसो अशा किनाऱ्यांवर नेऊन मशिनगनने मारले गेले.

पुढे पंतप्रधान झालेले ली क्वान यू तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनाही जालान बेसारच्या केंद्रावर बाजूला उभं राहायला सांगितलं. सामान घेऊन येतो असं म्हणून ते निसटले, लपले आणि नंतर दुसऱ्या वेळी शिक्का मिळवून बाहेर पडले.

मृतांचा आकडा आजही वादात आहे. जपानी बाजूने सुमारे ५ हजार मान्य झाले; सिंगापूरच्या चिनी समाजाने मांडलेले अंदाज २५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत जातात. वर, जगू दिल्याबद्दल म्हणून मलाया-सिंगापूरच्या चिन्यांकडून ५ कोटी डॉलरची ‘भेट’ उकळली. तेवढी रक्कम जमली नाही तेव्हा उरलेल्या पैशांसाठी त्यांना जपानी बँकेचं कर्ज काढायला लावलं.

१३. पण हिंदी लोकांना जपान्यांनी चांगलं वागवलं, असं आमच्या घरी सांगतात. खरं आहे?

घरी सांगतात ते खोटं नसेल. चिन्यांच्या तुलनेत शहरातल्या हिंदी लोकांना, विशेषतः इंडियन इंडिपेंडन्स लीग या परदेशातल्या हिंदी लोकांच्या स्वातंत्र्यवादी संघटनेचा बिल्ला असलेल्यांना, मोकळीक होती. दुकानदार, कारकून, शिक्षक अशा घरांत ‘आपल्याला त्रास झाला नाही’ ही आठवण प्रामाणिक असते.

पण ती सगळ्या हिंदी लोकांची आठवण नाही. मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ मजूर १९४२ ते १९४३ या काळात सयाम (आजचं थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर नेले गेले. ४१५ किलोमीटरचा तो मार्ग एका वर्षात बांधला गेला. त्यावर सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले आणि १२ हजारांहून अधिक मेले. आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट होते आणि त्यांचे मृत्यू बरेच जास्त. गोऱ्या कैद्यांच्या छावण्यांत निदान डॉक्टर होते, नोंदी होत्या. मजुरांकडे दोन्ही नव्हतं. कॉलरा आला की अख्खी झोपडी रिकामी व्हायची. त्यांची नावं कुठल्याही भिंतीवर कोरलेली नाहीत. हिंदी कैद्यांचं काय झालं ते प्रश्न १० मध्ये आहे, अंदमानचं प्रश्न १८ मध्ये.

१४. लोक काय खात होते?

टॅपिओका, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद. बागेत, मैदानात, रस्त्याच्या कडेला जिथे माती दिसेल तिथे टॅपिओका आणि रताळी लावली गेली. तांदूळ ब्रह्मदेश आणि सयामहून यायचा. जहाजं लष्करासाठी गेली आणि आयात आटली. रेशनचा तांदूळ दरवर्षी कमी होत गेला. टॅपिओकाच्या पिठाचा पाव, शेवया, भाकऱ्या असं सगळं केलं जाई. तो पाव थंड झाला की दगड व्हायचा. मुलांची पोटं फुगलेली आणि पाय बारीक, बेरीबेरी घरोघर. युद्धाआधी साधारण ५ डॉलरला मिळणारी साठ किलोंची तांदळाची गोणी १९४५ मध्ये ५ हजारांवर गेली.

शहरातली तोंडं कमी करायला १९४३ च्या अखेरीस चिन्यांची वसाहत जोहोरच्या एंडाऊला आणि युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचे) व कॅथलिकांची बहाऊला वसवली. एंडाऊ त्यातल्या त्यात बरी चालली. बहाऊला मलेरियाने माणसं पटापट गेली.

१५. ‘केळ्याच्या नोटा’ काय होत्या? आजोबांच्या ट्रंकेत एक पुडकं सापडलं आहे, त्याला आज किंमत आहे का?

जपान्यांनी छापलेलं चलन. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं म्हणून ते नाव पडलं. सुरुवातीच्या नोटांवर क्रमांक असत. पुढे नुसती अक्षरं छापून पोत्याने नोटा काढल्या गेल्या, आणि खोट्या नोटा करणाऱ्यांचंही फावलं. १९४५ मध्ये ब्रिटिश परतल्यावर हे चलन एका रात्रीत रद्दी झालं. आयुष्याची कमाई त्यातच ठेवलेली कुटुंबं बुडाली.

चलन म्हणून किंमत शून्य. साध्या, विनाक्रमांकाच्या नोटा जुन्या नोटांच्या बाजारात फार स्वस्तात मिळतात. क्रमांक असलेल्या असतील तर जाणकाराला दाखवा. विकण्यापेक्षा आजोबा तिथे कधी आणि कशासाठी होते हे पुडक्यावर लिहून ठेवा. ती माहिती नोटांपेक्षा दुर्मीळ आहे.

१६. चांगी म्हणजे विमानतळच ना?

त्याच भागात. गोऱ्या नागरिकांना, बायकामुलांसकट, चांगी तुरुंगात डांबलं. ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कैदी शेजारच्या सेलारांग बराकींत होते. ३० ऑगस्ट १९४२ ला पळून न जाण्याच्या प्रतिज्ञेवर सही करायला नकार दिला म्हणून सुमारे १५ हजार कैद्यांना एका बराकीच्या चौकात कोंबलं. पाणी मोजून, संडास खणून काढावे लागले, आणि रोगराई पसरू लागली तेव्हा नाइलाजाने सह्या झाल्या. विमानतळाच्या पहिल्या धावपट्ट्याही युद्धकैद्यांच्या कष्टांतून झाल्या.

१७. नेताजी सिंगापूरला कधी आले? झाशीची राणी रेजिमेंट तिथलीच का?

२ जुलै १९४३ ला आले. ४ जुलैला कॅथे इमारतीत रासबिहारी बोस यांच्याकडून लीगची सूत्रं घेतली, ५ जुलैला पाडांग या मैदानावर सैन्याची मानवंदना घेतली, आणि २१ ऑक्टोबरला त्याच कॅथे इमारतीत आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर केलं.

झाशीची राणी रेजिमेंट तिथलीच. तिचं नेतृत्व सिंगापुरात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांनी केलं. आपल्या मोरोपंत तांब्यांच्या मनूचं नाव घेऊन बंदूक हाती धरणाऱ्या त्या मुलींत मोठा वाटा मलायातल्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या मुलींचा होता. कित्येकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता.

एस्प्लनेडजवळ आझाद हिंद सैनिकांचं स्मारक होतं. त्याची पायाभरणी नेताजींनी ८ जुलै १९४५ ला केली, आणि ब्रिटिश परतल्यावर सप्टेंबरमध्ये ते पाडलं. आज तिथे १९९५ मध्ये बसवलेला फलक आहे.

१८. अंदमानही जपान्यांकडे होतं, ते याच मोहिमेत का?

त्याच लाटेत. २३ मार्च १९४२ ला पोर्ट ब्लेअर जपान्यांनी घेतलं. सावरकर बंधू १९२१ मध्येच तिथून हलवले गेले होते, त्यामुळे सेल्युलर जेलमध्ये त्या वेळी ते नव्हते. हा प्रश्न वारंवार येतो म्हणून मुद्दाम लिहिलं. नेताजी डिसेंबर १९४३ च्या अखेरीस तिथे गेले आणि तिरंगा फडकवला. पण कारभार जपानी आरमाराकडेच राहिला. हेरगिरीच्या संशयावरून इंडियन इंडिपेंडन्स लीगच्याच माणसांना सेल्युलर जेलमध्ये छळलं गेलं. लीगचे प्रमुख डॉ. दिवाण सिंग जानेवारी १९४४ मध्ये त्या छळाने गेले. ३० जानेवारीला हंफ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. अंदमानला सहलीला जाणाऱ्यांनी हंफ्रीगंजचं स्मारक जरूर पाहावं.

१९. सिंगापुरात कुणी प्रतिकार केला का?

केला. पासिर पांजांगच्या टेकडीवर १४ फेब्रुवारीला मलाय रेजिमेंटचे लेफ्टनंट अदनान सैदी आणि त्यांची तुकडी अखेरपर्यंत लढली. अंमलाच्या काळात लिम बो सेंग यांनी ब्रिटिशांच्या गुप्त फोर्स १३६ साठी काम केलं. ते पकडले गेले आणि जून १९४४ मध्ये तुरुंगात वारले.

सप्टेंबर १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या छुप्या पथकाने बंदरातल्या सात जहाजांना सुरुंग लावले. जपान्यांना वाटलं की हे चांगीतल्या कैद्यांचं काम. १० ऑक्टोबरला केंपेताई या लष्करी पोलिसांनी धरपकड सुरू केली. स्टॅमफर्ड रस्त्यावरच्या वायएमसीए इमारतीत ५७ जणांचा छळ झाला, १५ मेले. कैद्यांना औषधं आणि निरोप पोहोचवणाऱ्या एलिझाबेथ चॉय यांना तिथे सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवलं होतं. ज्या कृत्यासाठी हे झालं, त्याच्याशी यांतल्या कुणाचाही संबंध नव्हता.

२०. सुटका १५ ऑगस्टला की १२ सप्टेंबरला?

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. ब्रिटिश आरमार आणि ५वी हिंदी डिव्हिजन ५ सप्टेंबरला सिंगापुरात उतरली. मधल्या आठवड्यांत शहरात जुने हिशोब चुकते करणं आणि लूट चालली होती. औपचारिक शरणागती १२ सप्टेंबरला आजच्या नॅशनल गॅलरीच्या, तेव्हाच्या म्युनिसिपल इमारतीत, माउंटबॅटन यांच्यासमोर झाली. चांगीत साडेतीन वर्षं लपवून ठेवलेला ब्रिटिश झेंडा त्या दिवशी चढवला गेला. लोक आनंदले, पण १९४२ मध्ये वाऱ्यावर सोडून गेलेल्यांवर पूर्वीची श्रद्धा उरली नव्हती. पेनांगमधून आधी फक्त गोऱ्यांना हलवलं होतं हे कुणी विसरलं नव्हतं.

२१. दोषींना शिक्षा झाली का?

थोड्यांना. सूक चिंगसाठी १९४७ मध्ये सात अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि दोघांना फाशी झाली. कत्तलीमागचा प्रमुख मानला गेलेला कर्नल त्सुजी मासानोबू निसटला आणि पुढे जपानच्या संसदेत निवडून आला. यामाशिताला १९४६ मध्ये फाशी झाली, पण ती फिलिपिन्समधल्या अत्याचारांसाठी. १९६२ मध्ये सिगलॅपला सामूहिक दफनाची हाडं सापडल्यावर भरपाईची मागणी पेटली. १९६६ मध्ये जपानने ५ कोटी सिंगापूर डॉलर कबूल केले, त्यांतले निम्मे कर्ज म्हणून.

२२. दोन दिवस हाताशी आहेत, काय पाहावं?

जुना फोर्ड कारखाना सर्वांत आधी. शरणागती तिथेच झाली. २०१७ मध्ये तिथल्या दालनाला ‘स्योनान गॅलरी’ नाव दिलं तेव्हा लोक दुखावले आणि काही दिवसांत नाव बदललं गेलं. जखम अजून किती ओली आहे ते यावरून कळतं. मग फोर्ट कॅनिंगखालचं बॅटलबॉक्स हे ब्रिटिशांचं भूमिगत युद्धकेंद्र, बुकित चांडू (अदनान सैदी लढले ती टेकडी, प्रश्न १९), चांगी चॅपल संग्रहालय, आणि बीच रोडवरचं चार खांबांचं नागरी युद्धस्मारक, ज्याच्या पायाशी सापडलेल्या अस्थी ठेवल्या आहेत. १५ फेब्रुवारीला तिथे दरवर्षी श्रद्धांजली वाहिली जाते. क्रांजीसाठी अर्धा दिवस स्वतंत्र ठेवा (प्रश्न २३).

२३. आमचे पणजोबा सिंगापूर आघाडीवर गेले आणि परतले नाहीत. नाव कुठे शोधायचं?

क्रांजीच्या युद्धस्मारकावर ४४०० हून अधिक कबरी आणि कबर नसलेल्या २४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. दहन झालेल्या हिंदी सैनिकांसाठी वेगळं स्मारक तिथेच आहे. जाण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा.

आडनावावर अडून बसू नका. हिंदी शिपायांची नोंद बहुधा एकाच नावाने, इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तशा स्पेलिंगने आहे. ‘पांडुरंग’ चार प्रकारे लिहिलेला सापडेल. पलटणीचं नाव किंवा शिपाई क्रमांक ठाऊक असेल तर त्यावरून शोधणं सोपं जातं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. घरातली जुनी पेन्शनची कागदपत्रं, पदकं, गावच्या वेशीवरचा पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाचा दगड तपासा. पदकाच्या कडेवर नाव-क्रमांक कोरलेला असू शकतो.

पणजोबा आझाद हिंद सेनेत गेले असतील तर क्रांजीच्या भिंतीवर नाव मिळण्याची आशा कमी आहे. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली आझाद हिंद सेनेची कागदपत्रं पाहावी लागतात. आणि न्यू गिनीला नेलेल्यांपैकी असतील, तर शोध फक्त सिंगापुरात थांबवू नका. पापुआ न्यू गिनीतल्या लाए आणि राबाउलच्या युद्धस्मशानांच्या नोंदीही चाळा.